सोळा जणींची यादी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार हॉकीच्या मैदानासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक दाखवलेला नाही, भरीस घातलेले नाही आणि काही पाजलेलेही नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर फक्त फुटबॉल बघतात, तरी दाखला ग्राह्य धरावा. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र याने रद्द होते. त्यातली निम्मी पाने पेनल्टी कॉर्नरवर खर्ची पडली होती, हे वकीलबाईंनी माझ्या निदर्शनास आणून दिले.

नवे मृत्युपत्र करण्याचे कारण माझी कन्या. ती एकुलती एक, वय एकोणचाळीस, पाणीपुरवठा खात्यात अभियंता. मागचे मृत्युपत्र मी तिला वाचायला दिले होते. तिने ते शेवटपर्यंत वाचले, घडी घालून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, मला घर नको, तुमच्या वह्याही नकोत. बावीस वर्षांपूर्वी ती यादी बंद झाली होती की नव्हती, एवढं एक वाक्य लिहून द्या. सहीनिशी."

ते वाक्य सातव्या कलमात येईल. आधीची सहा कलमे मी मुद्दाम लांबवतो आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे. ते खोडून काढण्याजोगा पुरावा माझ्याकडे नाही.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे. हे घर मी हवा खेळती असते म्हणून घेतले, असे तिला त्या वेळी सांगितले होते. खरे म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वेकडचा गोल आणि निम्मे मैदान दिसते. तिला हे पहिल्याच रविवारी कळले, कारण मी पातेल्यातले दूध उतू जाऊ दिले. तिने पातेले घासायला माझ्यापुढे ठेवले. तिच्यानंतर घर कन्येला जावे असे मी लिहिले होते. ते कसे बदलले ते आठव्या कलमात आहे.

कलम २. दुकान, काच घासण्याचे यंत्र, तपासणीच्या भिंगांची लाकडी पेटी (एक भिंग कमी आहे, शोधू नये) आणि दारावरची पाटी, हे सर्व दुकानातल्या तंत्रज्ञ बाईंना द्यावे. गेली पंधरा वर्षे दुकान त्याच चालवतात. मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सामन्याचा निकाल सांगतो. त्यांना एकच अट आहे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दर सहा महिन्यांनी बदलावा. कारण पुढे येईल.

कलम ३. माझ्या एकेचाळीस वह्या. दर हंगामाला एक वही, दर खेळाडूला एक पान. पाय, हात, दम, डोके आणि राग असे पाच रकाने. वह्या क्लबच्या कपाटात ठेवाव्यात आणि हव्या त्याने वाचाव्यात, प्रशिक्षक सोडून. त्यांनी आजवर वाचल्या नाहीत, आता वाचून उपयोग नाही.

वह्यांचा सारांश असा, म्हणजे कोणाला एकेचाळीस वह्या चाळायला नकोत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण ज्याने काढली त्याने कधी संघ निवडलेला नसावा. चौदाव्या वर्षी सगळ्यांत उंच असलेली मुलगी सतराव्या वर्षी नुसती उंच असते. आम्ही तिला बचावफळीत उभी करतो, तीन वर्षे तिथेच ठेवतो, आणि मग तिला चेंडू पुढे नेता येत नाही म्हणून नाके मुरडतो. पंधरा वर्षांखालच्या प्रत्येकीला हंगामात निदान तीन जागांवर खेळवावे. सामने हरतील. हरू द्यावेत. त्या वयातले चषक पुढे कोणी पुसतसुद्धा नाही, मी क्लबचे कपाट बघितले आहे.

दुसरे, यादी करताना आघाडीच्या मुली आधी आणि गोलरक्षक शेवटी लिहायची पद्धत बंद करावी. सोळाजणींत दोन गोलरक्षक असतात आणि दुसरीला आपण एखादी सुटी किल्ली ठेवावी तशी ठेवतो. किल्ली गंजली की मग कुलपाला दोष देतो.

कलम ४. प्रशिक्षक. त्यांना सगळे 'शिट्टी' म्हणतात, मीही म्हणतो. शिट्टी आणि मी अठ्ठावीस वर्षे एकमेकांशी बोलतो आहोत आणि अठ्ठावीस वर्षे एकमेकांचे ऐकलेले नाही. त्यांचा एकच सिद्धान्त आहे: जिंकणारा संघ बदलायचा नाही. हरणारा संघही ते बदलत नाहीत, कारण मग आत्मविश्वास जातो. एका हंगामात मधल्या फळीतली एक राखीव मुलगी सलग नऊ सामने बाकावर बसली. दहाव्याला ती आलीच नाही. आता पोहते, आणि चांगली पोहते. मी शिट्टींना विचारले, तर म्हणाले, "हॉकी तिच्या रक्तात नव्हती." रक्त तपासायला निदान दहा मिनिटे मैदानात तर सोडायला हवे होते.

शिट्टींना मी माझे थांबघड्याळ देतो. त्यांनी ते राखीव खेळाडूंसाठी वापरावे. प्रत्येकीला प्रत्येक सामन्यात दहा मिनिटे मिळाली की ते आपोआप त्यांच्या मालकीचे होईल. तोवर ते वकीलबाईंकडे राहील. वकीलबाईंना वाटते की ते कायमचे त्यांच्याकडेच राहणार, म्हणून त्यांनी त्याला आतापासूनच चावी द्यायला सुरुवात केली आहे.

कलम ५. देह. डोळे दान करावेत. डाव्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, तरी चालते, मी चौकशी केली आहे. अंत्यविधी सामन्याच्या दिवशी ठेवू नये. अगदीच इलाज नसला तर मध्यंतरात उरकावा. मध्यंतर दहा मिनिटांचे असते, त्यात शिट्टींचे भाषण बसत नाही.

कलम ६. प्रेक्षकांची खुर्ची. हे कलम नव्या माणसाला समजावे म्हणून खुलासा करतो. आमच्या क्लबच्या निवड समितीत पाच जण असतात. चार क्लबचे आणि पाचवा प्रेक्षकांतला, ज्याने कधी स्टिक हातात धरलेली नाही पण एकही सामना चुकवलेला नाही असा. त्यालाही पूर्ण मत असते. क्लब काढणाऱ्यांनी हा नियम का केला ते कोणाला माहीत नाही, आणि रद्द करायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. खुर्चीवरचा माणूस आपला वारस लेखी ठरवतो. माझ्याआधी ती एका न्हाव्याकडे होती. माझ्या गालांना साबण लावून, वस्तरा हातात घेऊन त्याने मला विचारले. त्या स्थितीत मी मान हलवून नाही म्हणू शकलो नाही.

ही खुर्ची मी पत्नीला देतो.

शिट्टी हसतील. त्यांनी पुढचे वाचावे. पत्नी माझ्याशेजारी एकोणचाळीस हंगाम लोकर आणि सुया घेऊन बसली आहे. सामन्याभरात ती साधारण एक वाक्य बोलते. त्या वाक्यांची मी कधी नोंद ठेवली नाही, कारण ती तज्ज्ञाची मते नव्हती. बावीस वर्षांपूर्वीचे एक वाक्य मात्र न लिहिताही माझ्या लक्षात राहिले आहे. आमची मुलगी गोलात होती. पत्नी सुई न थांबवता म्हणाली, "चेंडू डावीकडून आला की ती अख्खी मान फिरवून बघते. मग हलते." मी म्हणालो, "तू आपले टाके मोज." आणि वहीत लिहिले: एकाग्रता कमी.

कलम ७. आता मात्र लिहायलाच हवे.

दर हंगामाच्या आधी क्लबच्या सर्व खेळाडूंचे डोळे मी विनामूल्य तपासतो. कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला दुकानातला तक्ता टांगायचा, बारा पावलांवर खुर्ची, आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. कन्या चौदा ते सतरा वर्षांची असताना क्लबची गोलरक्षक होती. बाकीच्यांबरोबर तिलाही मी तपासत असे. तिने दर वर्षी दोन्ही डोळ्यांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मी दर वर्षी लिहिले: नजर उत्तम.

तो तक्ता दुकानात तिच्या जन्माच्या आधीपासून होता. शाळा सुटल्यावर ती त्याच्याखाली बसून अभ्यास करायची. पाढे यायच्या आधी तिला तो पाठ झाला होता, खालून वर आणि वरून खाली. खुर्चीवर बसून ती वाचत नव्हती, म्हणत होती. तिने मला फसवले नाही. इतक्या लहानपणी पाठ झालेली गोष्ट आपण वाचतो आहोत की आठवतो आहोत, हे ज्याचे त्यालाही कळत नाही. मला कळायला हवे होते. जगभरच्या पोरांच्या डोळ्यांत मी दिवा मारून बघत होतो, आणि घरच्या दिव्याखाली हा अंधार.

पुढचा हिशेब मी अतिशय शास्त्रशुद्ध केला. डावीकडच्या चेंडूला ती उशिरा हलते. डोळे उत्तम आहेत, कारण ते मी स्वतः तपासले आहेत. म्हणजे पाय जड आहेत. वहीत तीन हंगाम हेच लिहिलेले आहे, अक्षर सुंदर आहे.

ती सतरा वर्षांची असताना आंतरक्लब स्पर्धेसाठी सोळाजणींची यादी करायची होती. गोलरक्षकाच्या दुसऱ्या जागेवर दोन मते तिच्या बाजूने पडली, दोन विरुद्ध. शिट्टींचे मत तिच्या बाजूने होते, हे त्यांच्या नावे इथे नोंदवतो. पाचवे मत माझे. आपली मुलगी म्हणून घेतली असे कोणी म्हणू नये म्हणून मी विरुद्ध दिले. माझ्या निःपक्षपातीपणाचे त्या दिवशी चौघांनीही कौतुक केले. ते मी घरी घेऊन आलो आणि जेवताना सांगितलेसुद्धा. ती समोर बसली होती. तिने जेवण पूर्ण केले आणि ताट उचलले.

त्यानंतर सहा दिवसांनी टपालाने नवा तक्ता आला, कारण जुना पिवळा पडला होता. तिने स्टुलावर चढून तो लावला. मी म्हणालो, "छपाई नीट आहे का बघ जरा." तिने गंमत म्हणून उजवा डोळा झाकला आणि दुसऱ्या ओळीवर अडली. हसून म्हणाली, "बाबा, परत पाठवा हा. छपाई पुसट आहे."

छपाई उत्तम होती. तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर उणे पावणेतीन निघाला.

दोन दिवसांत मी तिचा चष्मा तयार केला. क्लबच्या नियमाप्रमाणे यादी वर पाठवेपर्यंत समितीचा कोणीही सदस्य लेखी कारण देऊन ती पुन्हा चर्चेला घेऊ शकतो. मी चिठ्ठी लिहिली. कारण असे लिहावे लागत होते की, या गावातल्या एकमेव चष्मेवाल्याने स्वतःच्या मुलीचा अधू डोळा तीन वर्षे पास केला. चार शाळांच्या तपासण्या माझ्याकडे होत्या आणि बसआगारातल्या चालकांच्या नजरेच्या दाखल्यांवर माझी सही असे. मी चिठ्ठी खिशात ठेवली. सकाळी सदऱ्याच्या खिशातून काढायची आणि नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवायची, असे चालले होते.

चष्मा लावून झाल्यावर तिने विचारले, "आता सांगाल ना समितीला?"

मी म्हणालो, "यादी बंद झाली गं."

यादी बंद झालेली नव्हती. चष्मा तिच्या नाकावर चढला त्या दिवशी ती आणखी आठ दिवस उघडी होती. ते मला माहीत होते. मी खोटे बोललो, आणि दुकानासाठी बोललो. मला त्याची लाज वाटली आणि आजही वाटते. हे वाक्य कोणी लिहवून घेतलेले नाही.

पुढच्या आठवड्यात तिने पॅड आणि हेल्मेट मैदानकाकांकडे जमा केले. मैदानकाका म्हणजे मैदानाची निगा राखणारे आमचे गृहस्थ. ती नंतर कधी मैदानावर आली नाही. शिकली, नोकरीला लागली, पाण्याच्या टाक्या बांधल्या. टाक्या गळत नाहीत, असे त्या खात्यातले लोक सांगतात. ती गोलात उभी राहिली की मला फार बरे वाटायचे. पाय किंचित फाकवून, हेल्मेट नीट करत, कोणाला तरी ओरडून जागेवर पाठवत ती उभी असायची. हे मी कधी वहीत लिहिले नाही. वहीत तसा रकाना नव्हता.

खेळाडू कसा घडवावा याविषयी एकेचाळीस वह्यांत जे आहे त्यापेक्षा हे एक जास्त महत्त्वाचे समजावे: कोणाचेही नाव यादीतून काढण्यापूर्वी तिला बोलावून विचारावे की, तिथून तुला काय काय दिसते. आणि ती सांगेल ते ऐकावे.

कलम ८. सातवे कलम लिहून झाल्यावर मी कन्येला बोलावले. ती आज दुपारी आली. वकीलबाई आणि मैदानकाका आधीपासून बसलेले होते. पत्नीने चहा ठेवला होता. कन्येने कागद खिडकीजवळ नेला, चष्मा पुसला आणि उभ्यानेच वाचला. मग टेबलावर ठेवून तिने पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ ओढली. मी मूळ मसुद्यात "यादी जवळजवळ बंद झाली होती" असे लिहिले होते.

"जवळजवळ म्हणजे किती दिवस, बाबा?"

"आठ."

"मग आठ लिहा."

ते पान मी नव्याने लिहिले. वर आहे ते नवे पान. ती बसून राहिली. मी लिहीत होतो. मैदानकाकांनी बशीत चहा ओतला त्याचाच काय तो आवाज.

लिहून झाल्यावर मी तिला विचारले, "तुला कोणी सांगितलं? काकांनी?"

मैदानकाकांनी घाईघाईने मान हलवली.

"सूचना फलकावर यादी बंद व्हायची तारीख होती," ती म्हणाली. "पॅड परत करायला आले तेव्हा. नवा चष्मा होता, फाटकापासूनच वाचता आली."

म्हणजे तिला बावीस वर्षे माहीत होते. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. मी भाजी वाढताना सामन्याचा निकाल सांगतो आणि ती ऐकून घेते. मी म्हणालो, "मग मला लिहायला कशाला लावलंस?"

"मला कळायचं नव्हतं काही. तुम्ही बोलायचं बाकी होतं."

पत्नीने विणकाम खाली ठेवले. तिला मी सामना चालू असतानाही असे करताना पाहिलेले नाही.

मी कन्येला म्हणालो की, आता तरी घर घे. ती म्हणाली, "नको म्हटलं ना. साक्षीदार कोण आहेत?" एक मैदानकाका होते. दुसरे म्हणून शिट्टींना बोलवायचे ठरले होते, पण चौथे कलम वाचल्यावर ते सही करतील की नाही याबद्दल वकीलबाईंना शंका होती. कन्या म्हणाली, "मी करते."

वकीलबाईंनी तिला समजावले की, साक्षीदाराला या कागदातून काहीही मिळत नाही. घर नाही, भांडे नाही, वही नाही. एकदा सही झाली की पुन्हा मागता येणार नाही. कन्या म्हणाली, "माहीत आहे. पेन द्या."

त्यामुळे पत्नीच्या पश्चात घर क्लबला जावे. बाहेरगावाहून खेळायला येणाऱ्या मुलींना राहायला खोल्या लागतात. खिडकीची खोली दोन नंबरच्या गोलरक्षकाला द्यावी. या कागदाची एक प्रत निवड समितीपुढे मोठ्याने वाचावी, सातवे कलम वगळू नये. वाचायला शिट्टींना सांगावे, त्यांचा आवाज लांबवर जातो. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

हा कागद मी संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहिला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करावी आणि आपला व्यवसाय स्वतःच्या अक्षरात लिहावा, असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

ठिकाण: मैदानासमोरचे घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: नव्या हंगामाचा पहिला सामना व्हायच्या आधीचा रविवार, दुपारी सव्वातीन.

मृत्युपत्र करणार: (सही)
व्यवसाय: चष्मे करणे.

साक्षीदार पहिले: (सही)
व्यवसाय: मैदानाची निगा. पाणी मारणे, रेषा आखणे.

साक्षीदार दुसऱ्या: (सही)
व्यवसाय: गोलरक्षक.